रॉकीरावांचं रिकामं पोट

दार बंद झालं, आतून कडी सरकली, आणि कृष्णरावांच्या हातात नुसता पट्टा राहिला. "ब्लड लेना है, पोटाचे केस पण उतारावे लागतील, दहा मिनिट बाहेर बसा काका," असं सांगून डॉक्टर रुची रॉकीरावांना आत घेऊन गेली होती. रॉकीरावही गेले, मागे वळून न बघता, लग्नघरात मानाच्या पाहुण्याला नेतात तसे. बाकावर उरली दोन माणसं. या टोकाला कृष्णराव, त्या टोकाला माधवीबाई, मध्ये एक लठ्ठ लॅब्राडोर बसेल एवढी जागा. कृष्णरावांना विचारायचं होतं, पाणी हवं का. एवढंच. बाटली त्यांच्याच पिशवीत होती. सकाळी सातला धारहून निघाल्यापासून बाईंनी घोटभर पाणी घेतलं नव्हतं, हेही त्यांनी गाडीच्या आरशात बघून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, सवयीनं खाली बघितलं. खाली फरशी. तोंड मिटलं. भिंतीवर जंताच्या औषधाची जाहिरात होती, ती त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली, मग खालपासून वर वाचली. चांगला पासष्टीचा माणूस, पीएचईत, सरकारच्या पाणीखात्यात, सब-इंजिनियर म्हणून तिरला, गंधवानी, सरदारपूर पालथं घातलेला, शेकड्यानं हातपंप खोदून लोकांना पाणी पाजलेला, आणि आता स्वतःच्या बायकोला पाणी विचारायला त्याला कुत्रा लागत होता.

लागतच होता, त्याला इलाज नव्हता. दोघांच्या अबोल्याला चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत घरातलं एकूण एक बोलणं रॉकीरावांमार्फत झालं होतं. "रॉकीराव, त्यांना सांगा, चहा ठेवलाय." "रॉकीराव, बाईसाहेबांना म्हणावं, गॅसवाला येऊन गेला." मुळात कुत्र्याचं नाव रॉकी. मुलीनं, वैभवीनं, आणलेला. ती नोकरीला पुण्याला गेली, तिथल्या सोसायटीत कुत्रा चालेना, म्हणून तो धारला राहिला. पण नवऱ्याला धाडायचा निरोप 'ए रॉक्या, सांग त्यांना' असा कसा धाडणार? निरोप्याला अरेतुरे केलं की ते ज्याला निरोप त्यालाही लागतं, हे माधवीबाईंच्या देवासच्या माहेरचं वळण. म्हणून रॉकीचे रॉकीराव झाले आणि त्यांना अहोजाहो सुरू झालं. रॉकीराव कामाला चोख. बाई बोलल्या की मान वळवून कृष्णरावांकडे बघत, कृष्णराव बोलले की बाईंकडे. निरोप पोचवल्याबद्दल काहीतरी तोंडात पडे, ते वेगळंच. एकूण घराचं पार देवास झालं होतं. संस्थानच्या काळी एकाच देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं नांदली, तशी स्वयंपाकघर, देवघर आणि मागची पडवी ही थोरली पाती माधवीबाईंची. पुढची खोली, ओटा आणि टीव्ही ही धाकटी पाती कृष्णरावांची. दोन्हीकडे बिनदिक्कत फिरायची मुभा एकट्या रॉकीरावांना होती.

आणि गंमत अशी, की बाहेर कुणाला पत्ता नव्हता. असल्या घराण्यांतून अबोला ओळखू यायचा तरी कसा? कृष्णरावांचे वडील, भैयासाहेब, यांनी उभ्या जन्मात बायकोला नावानं हाक मारली नाही. ते खाकरत. एक खाकरणं म्हणजे चहा, दोन म्हणजे अंघोळीचं पाणी, तीन म्हणजे पाहुणे आलेत, डोक्यावर पदर घ्या. त्या खाकरण्यावर सावित्रीबाईंनी, म्हणजे कृष्णरावांच्या आईनं, एकावन्न वर्षं संसार केला, आणि लोक म्हणत, काय जोडा आहे! तेव्हा कुत्र्याशी बोलणारा जोडा बघून धारमध्ये कुणाची भुवई उडणार? शेजारचे नारायणराव तर म्हणत, "भिया, तुम्ही दोघं कुत्र्याचे लाड लय करता." वैभवीचा व्हिडिओ कॉल आला की दोघं चौकटीत बसत, दोघं वैभवीशी बोलत, आणि मध्ये रॉकीरावांचं नाक. पोरीला सगळं छान दिसत होतं. कृष्णरावांनाही कधीकधी छानच वाटे. भांडण नाही, तंटा नाही, चहा वेळेवर. फक्त दुपारी कधी पंखा बंद व्हायचा, लाइट गेलेली असायची, आणि त्या शांततेत आतून बांगड्यांचा आवाज यायचा. तेव्हा त्यांना वाटे, आपण कुणाच्या तरी घरात भाड्यानं राहतोय.

चूक त्यांचीच होती. हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. चार वर्षांपूर्वीच्या गणपतीत मराठी मंडळानं माधवीबाईंना काहीतरी वाचायला सांगितलं. पोरांना मराठी वाचता येत नाही, निदान कानावर तरी पडू दे, म्हणून. बाईंनी महिनाभर लिहिलं. पोळ्या लाटता लाटता थांबून, पिठाच्या हातानं कागद ओढून लिहिलं. लेखाचं नाव 'माझी टेकडी'. देवासची देवीची टेकडी, त्यांचं बालपण, त्यांची आई. कृष्णराव मंडळाचे उपाध्यक्ष, त्यामुळे बाजूच्या टेबलाशी मंडळाच्याच मोरोपंतांच्या शेजारी, समोर आभारप्रदर्शनाचा माईक. दहा मिनिटं दिली होती, अठरा झाली. कृष्णरावांनी घड्याळ बघितलं. मग मोरोपंतांकडे कलून, हळूच, अगदी हळूच म्हणाले, "घरीही हेच. एकदा सुरू झाल्या की थांबतच नाहीत." माईक चालू होता. सगळा मांडव हसला. तीनशे माणसं, वरच्या गच्चीतली पोरं, प्रसादाच्या पातेल्याशी उभा असलेला आचारीसुद्धा. माधवीबाई तेव्हा वाचत होत्या, "आई दर नवरात्रात अनवाणी टेकडी चढायची. निम्म्या वाटेवर थांबायची. कमरेवर हात ठेवायची, वर देवळाकडे बघायची, खाली गावाकडे बघायची, आणि म्हणायची," आणि तिथं त्या थांबल्या. कागदाची चौघडी केली, पर्समध्ये ठेवली, मांडवाला नमस्कार केला आणि खाली उतरल्या. त्या दिवसापासून त्या थांबलेल्याच होत्या.

ते अर्धं वाक्य कृष्णरावांच्या डोक्यात अडकून बसलं. काय म्हणायची ती बाई निम्म्या वाटेवर? सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली, विचारायची सोय नाही. रोज पहाटे मुंज तलावाच्या काठानं फिरताना त्यांनी ते वाक्य स्वतःच पुरं करून बघितलं. 'संसार म्हणजे चढच.' छे, शाळेच्या फळ्यावरचं वाटतं. 'वर देव, खाली माणसं, आपण मध्येच.' हे जरा बरं होतं, त्यावर त्यांनी आठ दिवस काढले. एकदा तर रॉकीरावांना थांबवून म्हणून दाखवलं, रॉकीरावांनी खांबावर पाय वर केला. आणि माफी? ती त्यांनी मागितली होती हो! अगदी पहिल्याच आठवड्यात. संध्याकाळी ओट्यावर बसून, आत दाराआड बाईंची सावली हलताना बघून, घसा साफ करून, "रॉकीराव, बाईसाहेबांना सांगा, आमचं चुकलं," असं पुऱ्या तोंडानं म्हणाले होते. रॉकीरावांनी दाराकडे मान वळवली, शेपूट हलवली. आतून काही उत्तर आलं नाही. कृष्णरावांनी चार वर्षं त्या उत्तराची वाट बघितली. क्षमा नाही तर नाही, त्यांचा हक्क आहे, असं मनाशी म्हणत राहिले, आणि मनातून जरा दुखावलेलेही राहिले.

आणि आता रॉकीरावांचं पोट फुगलं होतं. महिनाभरापासून धाप लागत होती, ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना ते मध्येच बसत. धारच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं आणि म्हणाले, "कुछ तो है अंदर। गाँठ भी हो सकती है। सोनोग्राफी करवा लो।" जवळ इंदूर, तिथं जाणंच सोयीचं. पण घरी आल्यावर माधवीबाईंनी पडवीतून जाहीर केलं, "रॉकीराव, आपण देवासला जायचं. तिथं रुची म्हणून डॉक्टर आहे, माझ्या भाच्याची मांजर तिनं वाचवली. त्यांना म्हणावं, गाडी काढा." चार वर्षांत एवढा लांब निरोप आला नव्हता. कृष्णराव धार सोडून देवासचं कौतुक ऐकून घेणारे नव्हेत, पण त्या निरोपाच्या शेवटी आवाज जरा चिरकला होता, तो त्यांनी ऐकला, आणि गाडीत हवा भरून आणली. गाठ. हा शब्द त्यांनी कुणापाशी काढला नाही. इंदूरच्या बायपासवर ट्रकांच्या मागे मागे येताना मात्र तो सारखा समोर येत होता. रॉकीराव गेले तर? तर घरात दोन माणसं उरतील, चहा ठेवलेला असेल आणि तो ठेवलाय हे सांगणारं कुणी नसेल. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. स्वतःच्या हृदयाच्या बायपासच्या वेळी वाटली नव्हती इतकी भीती. त्यात मनात आणखी एक काटा. डॉक्टरांनी बजावलं होतं, रात्री आठनंतर पोटात काही जाऊ देऊ नका. आणि सकाळी साडेपाचला, बाई अंघोळीला गेलेल्या बघून, कृष्णरावांनी चहात बुडवून तीन टोस्ट रॉकीरावांना दिले होते. काय करणार? ते बघतच असे होते.

कडी वाजली. डॉक्टर रुचीनं डोकं बाहेर काढलं. पोरगी तिशीची, केस वर बांधलेले, कपाळावर जेलचा एक पुसट डाग. आजी-आजोबा मराठी बोलणारे, शाळा सगळी हिंदी. "काकू, मी समजते सगळी मराठी, बोलताना हिंदी होऊन जाते," हे तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. आता म्हणाली, "काका, काकू, दोघं आत या. ये हिलता खूप है. एक्स-रे के लिए पकडना पडेगा." आत टेबलावर रॉकीराव, पोटावरचा मोठा चौकोन भादरलेला, गुलाबी, लाजिरवाणा. डॉक्टरनं दोघांना शिशाचे एप्रन दिले. एप्रन कसले, चांगली पोत्याएवढी वजनं. कृष्णरावांनी तो गळ्यात घातला आणि मागचे बंद शोधू लागले. हात पोचेना. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, स्वतःभोवती गिरकी झाली. मागून आवाज आला, "रॉकीराव, त्यांना म्हणावं, जरा नीट उभे राहा." आणि पाठीवर बोटं आली. बंद ओढला गेला, गाठ बसली, बोटं गेली. एवढंच झालं. पण कृष्णराव शिशाच्या आत घामानं भिजून गेले.

"इसको लेफ्ट साइड पे लिटाना है," रुची म्हणाली. "काका पुढचे पाय, काकू मागचे पाय. मी 'हां' बोलले की दोन सेकंद हलू नाही द्यायचं." ती पडद्याआड गेली. रॉकीराव आडवे. "हां!" आणि त्याच क्षणी माधवीबाई म्हणाल्या, "रॉकीराव, त्यांना म्हणावं, मान दाबू नका." रॉकीरावांनी चोखपणे मान वळवून कृष्णरावांकडे बघितलं. मशीन वाजलं. फोटोत रॉकीरावांना दोन डोकी आली. "पुन्हा एकदा. हां!" आता कृष्णरावांना राहवेना, "रॉकीराव, बाईसाहेबांना सांगा, मान नाही, खांदा धरलाय." रॉकीराव निरोप घेऊन बाईंकडे वळले. या खेपेला पाठीचा कणाच पुसला गेला. रुची पडद्याबाहेर आली. कमरेवर हात ठेवून तिनं आधी कुत्र्याकडे बघितलं, मग दोघांकडे. "एक मिनिट. हे काय चाललंय? तुम्ही बोलता तर हा हिलतो. कुत्ते से बात मत करो ना! जे बोलायचं ते आपस में बोला." रुची परत पडद्याआड गेली. कृष्णरावांनी रॉकीरावांच्या खांद्यावर तळवे टेकवले. समोर, कुत्र्याच्या पोटापलीकडे, माधवीबाईंचे हात होते. मनगटाला नेहमीच्या दोन पाटल्या, त्या सैल झाल्या होत्या. कधी झाल्या? "हां!" रुची ओरडली. "धरलंय?" माधवीबाईंनी विचारलं. अगदी हळू विचारलं, पण सरळ, वरच्या वर, रॉकीरावांच्या अंगावरून. "हो," कृष्णराव म्हणाले. मशीन वाजलं. या वेळी रॉकीराव हलले नाहीत, कारण त्यांच्यासाठी काही निरोपच नव्हता.

फोटो कॉम्प्युटरवर आला. बरगड्या, कणा, आणि खाली भला मोठा गोळा. रुची जवळ झुकली. तिनं रॉकीरावांना उताणं करून खोबणीच्या गादीत निजवलं, पोटावर जेल ओतलं आणि सोनोग्राफीचं यंत्र फिरवायला लागली. पडद्यावर राखाडी ढग हलू लागले. कृष्णरावांनी गंधवानीकडच्या माळावर जमिनीत तारा खोचून पाणी शोधलं होतं. खाली काय आहे ते न दिसता सांगायचं काम त्यांना ठाऊक होतं, आणि खात्री नसली की सांगणाऱ्याचा चेहरा कसा होतो तेही. रुचीचा चेहरा तसा झाला होता. "लिवर दिखा. किडनी ठीक. तिल्ली ठीक," ती म्हणत गेली. "पण ही जागा... यहाँ सब भरा हुआ है, याच्या मागचं काहीच दिसत नाही." यंत्र थांबलं. "खाली पेट आणलंय ना?" दोघांनी रॉकीरावांकडे बघितलं. "काका, मी का विचारते माहीत आहे? ये खाना है तो कोई बात नहीं. खाना नसेल, तर हा गोळा आहे, आणि मग बेहोश करून सुईनं तपासावं लागेल. नऊ साल का कुत्ता है, इतना मोटा है, बेहोशी में रिस्क आहे. कुणी काही खिलवलं असेल तर आत्ता सांगा."

कृष्णरावांच्या तोंडाला कोरड पडली. पाणी पिशवीत, पिशवी बाहेर. चार वर्षांपूर्वी मांडवात झाली ती फजिती निदान तोंडातून निसटली होती. ही आता जाणूनबुजून करायची होती, आणि तीही बाईंसमोर. रात्रभर उपाशी ठेवलेल्या जिवाला यांनी चोरून घातलं, हे त्यांना कळणार. रॉकीराव उताणे पडल्या पडल्या त्यांच्याकडेच बघत होते. "मी घातलं," कृष्णराव म्हणाले. "सकाळी. तीन टोस्ट." रुचीनं पुन्हा यंत्र फिरवलं आणि मान हलवली. "तीन टोस्ट से इतना नहीं होता काका." तिचा आवाज उतरला होता. म्हणजे गाठच. कृष्णरावांनी टेबलाची कड धरली. आणि मग पलीकडून, एका दमात, आलं, "अहो, मी पण घातलं! परीक्षेला चाललेत ना ते. कुणी कसल्याही परीक्षेला निघालं की हातावर दहीसाखर द्यायची, आमच्या आईची रीत आहे. वाटीभर दिली. मग चाटून पुसून बघत बसले तर दोन दशम्या घातल्या. तूप लावून. प्रवासाला कुणी उपाशी निघतं का?" हे सगळं माधवीबाई रॉकीरावांना सांगत नव्हत्या, डॉक्टरलाही नव्हत्या. कृष्णरावांना सांगत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि 'अहो' चार वर्षांनी निघाल्यामुळे जरा खरखरीत निघालं होतं.

"अन रात्री?" रुचीनं यंत्र तसंच धरून विचारलं. "रात को खाना कौन देता है?" "मी," कृष्णराव म्हणाले. "मी," माधवीबाईही म्हणाल्या, त्याच वेळी. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "मी सातला देते, मागच्या पडवीत." "मी नऊला देतो, काल तेवढं साडेसातला. ओट्यावर." "आणि दुपारी?" "मी." "मी." "सकाळी?" ते तर दोघांनी आधीच कबूल केलं होतं. रुचीला हसू आवरेना, पण ती डॉक्टर होती, तिनं आवरलं. कृष्णरावांना एकेक आठवू लागलं. रॉकीरावांमार्फत जगातला कुठलाही प्रश्न विचारता येत होता. वीजबिल भरलं का, पाहुणे कधी येणार, गोळ्या घेतल्या का. एकच प्रश्न विचारता येत नव्हता, 'रॉकीराव जेवले का?' कारण तो विचारला रॉकीरावांनाच, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असे. ते शेपूट हलवीत, ओठांवरून जीभ फिरवीत, आणि सरळ खोटं बोलत. चार वर्षं या गृहस्थानं दोन्ही पात्यांचं खाल्लं होतं. कृष्णराव मनात म्हणत, बाईंचा राग त्या मुक्या जिवावर निघतोय. बाई मनात म्हणत असणार, यांना स्वतःच्या जेवणाची शुद्ध नसते, कुत्र्याची कुठून असणार. "ये देखो," रुची पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, आणि तिचा आवाज मोकळा झाला होता. "हे सगळं घुसळतंय, फिरतंय. गाँठ ऐसे नहीं घूमती. दशमी घूमती है." मग जेल पुसत म्हणाली, "चारला परत आणा. तोपर्यंत पाणी सोडून काही नाही. रिकामं झालं की मागचं एकदा बघून घेते. आणि घरी खाना एकच माणूस देणार. आपस में तय करो." 'आपस में' हे शब्द तिनं दुसऱ्यांदा वापरले.

दवाखान्याच्या बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा होता. साडेअकरा झाले होते, चारपर्यंत जायचं कुठं? बाईंचं माहेर दहा मिनिटांवर, पण तिथं नेलं तर भाचेसुना कुत्र्याला काहीतरी घालणार, हे दोघांनाही न बोलता पटलं. दोघं ओट्यावर बसली. रॉकीराव मध्ये बसायला आले, जागा अरुंद वाटली असावी, खाली उतरून सावलीत लवंडले. समोर घरांच्या गच्च्यांवरून टेकडी दिसत होती, रोपवेचे डबे वर-खाली जात होते. कृष्णरावांनी पिशवीतून बाटली काढली. खाली बघितलं. रॉकीराव झोपले होते. "पाणी," ते म्हणाले. माधवीबाईंनी बाटली घेतली, अर्धी संपवली, उरलेली परत दिली. उरलेलं पाणी प्यायल्यावर कृष्णरावांना जरा धीर आला. "मी तेव्हाच माफी मागितली होती," ते टेकडीकडे बघत म्हणाले. "पहिल्याच आठवड्यात. संध्याकाळी, ओट्यावरून. तुम्ही दाराआड होतात." माधवीबाईंनी वळून बघितलं. "कुणाजवळ मागितलीत?" "रॉकीरावांजवळ." "संध्याकाळी मी दाराआड कशाला असेन? दाराआड माझं लुगडं वाळत असतं." "मग मला वाटलं, तुम्ही ऐकून..." "मला कुणी काही सांगितलं नाही," माधवीबाई म्हणाल्या, आणि दोघांनी एकदमच खाली झोपलेल्या लबाडाकडे बघितलं. त्याच्या पोटावरचा भादरलेला चौकोन वर-खाली होत होता. चार वर्षं! कृष्णरावांना हसावं की डोकं आपटावं कळेना. "आमचं चुकलं," ते म्हणाले. या खेपेला कुठंही न बघता, थेट. "नुसतं चुकलं नाही, फार चुकलं. लोक हसले, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो." माधवीबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोक तिथं हसणारच होते. पुढच्याच वाक्याला. मी महिनाभर खपून ते वाक्य तिथं आणलं होतं. माझं हसू तुम्ही घेतलंत, त्याचा राग होता."

कृष्णराव ओट्यावर पुरते वळून बसले. हसणार होते? म्हणजे ते 'वर देव, खाली माणसं' वगैरे काही नव्हतंच? चार वर्षं तलावाच्या काठानं आपण काय दळत बसलो? "काय म्हणायच्या हो तुमच्या आई?" त्यांनी विचारलं. "निम्म्या वाटेवर थांबून?" माधवीबाईंनी टेकडीकडे बघितलं. खरोखरच कमरेवर हात ठेवला, वर देवळाकडे बघितलं, खाली रस्त्याकडे बघितलं, आणि आईच्या आवाजात, देवीला दम भरल्यासारखं म्हणाल्या, "'हे बघ, निम्मी मी आले. आता निम्मी तू ये!'"

कृष्णराव हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग दोन्ही गुडघ्यांवर हात आपटून. मांजराची पेटी घेऊन दवाखान्यात चाललेला एक माणूस थांबून बघू लागला. रॉकीरावांनी एक डोळा उघडला, आपलं काम नाही असं बघून मिटला. हसता हसता कृष्णरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी बाहीला पुसलं आणि पुन्हा हसले. माधवीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मंचावर उभा असलेला माणूस हसू ओसरायची वाट बघतो, तशा त्या थांबल्या होत्या. ते नीट, पूर्ण ओसरू दिलं. मग घसा साफ केला आणि पुढच्या वाक्यापासून सुरुवात केली. कागद नव्हता. सगळं पाठ होतं. टेकडीवरची माकडं, प्रसादाचा नारळ पळवणारी, आईची हरवलेली जोडवी, शाळेतून पळून वर जाऊन बसलेल्या दोघी मैत्रिणी. तो लेख संपला तेव्हा त्यात नसलेलं सुरू झालं, चार वर्षांतलं, जे रॉकीरावांच्या हाती द्यायच्या लायकीचं नव्हतं. दाढ दुखली होती ती, वैभवीचा मध्येच एकदा रडका फोन आला होता तो, पंखा बंद झाला की पुढच्या खोलीतून यांच्या खोकल्याचा आवाज यायचा आणि आपण पोळपाट हातात घेऊन तशाच उभ्या राहायचो, तेही. सावली ओट्यावरून सरकली, ऊन आलं, दोघं सावलीच्या मागे मागे सरकत गेली.

सव्वाचार झाले तेव्हा डॉक्टर रुची स्वतः बाहेर आली. "काका, चार का टाइम दिया था ना? घड्याळ नाही का?" घड्याळ होतं. कृष्णरावांच्या मनगटावरच होतं. "येतो, बेटा," ते म्हणाले, "पाच मिनिटं. यांचं संपत आलंय."

"कुठं संपतंय!" माधवीबाई म्हणाल्या, आणि पुढचं सांगू लागल्या.